पंपाचे अकरा तास

आमच्या सोसायटीच्या पोहण्याच्या तलावाचं पाणी इतकं नितळ असायचं की शेजारच्या बिल्डिंगमधले लोक ते बघायला यायचे. श्रेय अर्थातच पंपवाल्याचं. माणूस कमी बोलणारा. पंपाच्या खोलीला लागूनच सोसायटीने दिलेल्या एका खोलीत त्याचं बिऱ्हाड होतं: तो, बायको आणि आई. पंप किती तास चालवायचा हे त्याला बरोबर कळतं, असं मी सेक्रेटरी या नात्याने दर सभेत छातीठोकपणे सांगत आले. ज्यातलं काही कळत नाही, ते मी नेहमी छातीठोकपणेच सांगते.

यंदा उन्हाळा तापला आणि पाणी हिरवट दिसू लागलं. बघता बघता तळ दिसेनासा झाला. कमिटीने त्याला धारेवर धरलं. महिनाअखेर पाणी साफ झालं नाही तर नोकरी जाणार, नोकरीबरोबर खोलीही. हे त्याला सांगायचं पुण्यकर्म माझ्याकडे आलं.

"अरे, पण असं बदललं तरी काय?" मी विचारलं.

तो स्वतःच्या चपलांकडे बघत म्हणाला, "आई रुसून थोरल्याकडे गेली, ताई. आता खोलीही गेली तर ती परत येणार कुठे?"

"आईचा आणि पाण्याचा काय संबंध?"

संबंध होता. घरात सासू-सुनेचं वाजलं की हा पंपाच्या खोलीत जायचा, दार लावायचा आणि पंप सुरू करायचा. त्या घरघरीत दोघींचंही ऐकू यायचं नाही, म्हणजे कुणाची बाजू घ्यायलाही लागायची नाही. वादळ शमल्याचा अंदाज घेऊन मग तो पंप बंद करायचा. थोडक्यात, इतकी वर्षं आमचं पाणी त्या दोघी गाळत होत्या. आई गेली, घर शांत झालं आणि पंप सुरू करायला याला कारणच उरलं नाही. रोज किती तास चालवायचा, हे तर त्याने कधी मोजलंच नव्हतं.

मी कपाळावर हात मारून घेतला. वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअरला बोलावलं. त्याने तलावाची लांबी, रुंदी, खोली मोजली, पंपावरची पाटी वाचली आणि आठ तास असा निकाल दिला. आठ तास पंप चालला, पाणी हिरवं ते हिरवंच. मग इंजिनिअर म्हणाला, पंप म्हातारा झालाय, पाटीवर लिहिलंय तेवढं पाणी आता ओढत नाही. मग नेमके किती तास, असं विचारल्यावर त्याला ऑफिसचं काम आठवलं.

शेवटी मी पंपवाल्याच्या बायकोलाच गाठलं. "तुमचं दिवसाला साधारण किती वेळ चालायचं गं?"

आधी ती फणकारली. मग बोटांवर मोजायला लागली. "सकाळी चहावरून सुरू व्हायचं ते आंघोळीचं पाणी तापेपर्यंत. दुपारी नणंदेचा फोन आला की पुन्हा. संध्याकाळचं काही विचारूच नका." मोजता मोजता तिला हसू फुटलं आणि मग डोळेच भरून आले. "घर खायला उठतं हो, ताई."

बेरीज अकरा झाली. अकरा तासांनी पाणी निवळलं, नोकरी आणि खोली वाचली. इंजिनिअर ते अकरा तास आपलंच गणित म्हणून सांगत फिरतो.

त्यानंतरच्या रविवारी बायकोनेच नवऱ्याला माझ्या गाडीत बसवून थोरल्या दिरांकडे पाठवलं. तिथली सून दर वाक्याला "हो, आई" म्हणायची. म्हातारी खिडकीशी बसून पार सुकली होती. मुलाला बघून तिने हालहवाल विचारली नाही.

"पाणी कसं आहे रे?"

जन्मात कुणाची बाजू न घेतलेला तो माणूस माझ्यादेखत, डोळ्याची पापणीही न लवता खोटं बोलला. "हिरवंगार आहे, आई. नोकरी जायची वेळ आलीय."

म्हातारी ताडकन उठली आणि चपला शोधायला लागली. "वेळ येणारच! तिला एकटीला कुठलं जमायला!"