दुःख खोडणाऱ्या बाई

उत्तरपत्रिकेत 'दुःख' हा शब्द दिसला की आमच्या बाई तो लाल पेनाने खोडत. शहाद्याच्या कॉलेजात त्या आम्हाला गुलामगिरीवरच्या, परदेशातून मराठीत आलेल्या कविता शिकवायच्या. म्हणायच्या, "दुःख झालं, हे कुणीही सांगेल. कवी काय दाखवतो ते लिहा. घोट्यावरचा वळ दाखवतो, जखमेवरचं मिठाचं पाणी दाखवतो. तिकडे बघा."

बाई मूळच्या कोल्हापूरकडच्या. लग्न केलेलं नव्हतं. इतकी वर्षं इकडे काढूनही अहिराणी त्यांच्या जिभेवर बसली नाही. माझी आई डबा घेऊन गेली की विचारायची, "बाई, एकलं करमस का तुमले?" बाई डबा उघडून चटणी कशी केली ते विचारायच्या.

एका कवितेत, बाजारात उभ्या केलेल्या गुलामाच्या तोंडात बोट घालून गिऱ्हाईक त्याचे दात तपासतं, अशी ओळ होती. वर्गात ती कुणाच्या डोळ्यांपुढे येईना. मग बाई आम्हाला सारंगखेड्याच्या यात्रेला घेऊन गेल्या. घोडेबाजारात एका माणसाने पांढऱ्या घोडीचा जबडा उघडून दात पाहिले, मग तिच्या मानेवरून, पायांवरून हात फिरवला.

"आता ती ओळ आठवा," बाई म्हणाल्या.

आमच्या वर्गात सातपुड्यातल्या मोलगीकडची रविता होती. फारशी बोलायची नाही. ती हळूच म्हणाली, "बाई, उसाला नेताना मुकादम माझ्या वडलांचे दंड असेच दाबून बघतो."

बाई तापीच्या वाळूवरून आमच्यापुढे एकट्याच चालत राहिल्या.

पुढच्या हंगामात वडिलांची पाठ धरली, म्हणून रविता त्यांच्या जागी ऊस तोडायला गेली. ती कॉलेजात परत आली नाही. बाई बाजाराच्या दिवशी जीपने मोलगीला जाऊन तिची चौकशी करत. वडिलांनाही सोबत घेऊन सगळं घर उसाला गेलेलं; दाराला कुलूप असायचं. एकदा मला म्हणाल्या, "मी तिला ओळ समजावत होते गं. ती त्या ओळीतच राहत होती."

निवृत्तीनंतर भाऊ न्यायला आला, तेव्हा बाई गेल्या नाहीत. मोलगीत खोली घेऊन राहिल्या. आईबाप उसाला गेले की जी पोरं म्हाताऱ्यांपाशी मागे राहत, त्यांना वाचायला शिकवू लागल्या. मी फोन केला की म्हणायच्या, "दिवाळी झाली, गाव रिकामं झालं. आता होळीपर्यंत माझ्याशी कोंबड्याच बोलतील."

गेल्या पौषात त्या गेल्या. शेजारच्या आजींनी फोन करवला आणि मी मिळेल त्या जीपने पोहोचले. भाऊ अजून वाटेत होता. त्याने, थांबू नका, असं कळवलं होतं. तिरडी बांधून तयार होती, पण धडधाकट माणसं सगळी उसात. तीन म्हातारे पुढे झाले आणि इकडेतिकडे बघत थांबले.

चौथा खांदा मी दिला.