गार तेलाला वरची खूण

नाईक सोमनाथ भोये, फौजेतला ड्रायव्हर, सुरगाणा तालुक्यातला, वय एकतीस. जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी पिंपळगाव बसवंतच्या कांदा मार्केटजवळ त्याचा जीव गेला. त्याच्यावर अन्याय झाला तो त्याआधी तीन तास, सहा वाजून दहा मिनिटांनी, नाशिकच्या आमच्या एमटी पार्कात, म्हणजे फौजेच्या गाड्या उभ्या असतात तिथे. तीन आठवड्यांनी तो कागदावर पुन्हा झाला. कागद म्हणतो, 'ड्रायव्हरचा निष्काळजीपणा'. मी त्या गाडीत होतो. रेडिओ ऑपरेटर, वय बावीस. हात भाजल्यामुळे मला पुढे फौजेतून काढलं. म्हणून हे लिहायला आता कोणाची परवानगी लागत नाही.

आमची गाडी रिकव्हरीची. बंद पडलेल्या गाड्या ओढायच्या आणि कॉन्व्हॉयच्या, म्हणजे गाड्यांच्या ताफ्याच्या, शेपटाला चालायचं, हे तिचं काम. मागे क्रेन, क्रेनशेजारी गॅस कटिंगची दोन सिलिंडरं. पार्कातल्या चौदा गाड्यांत आपोआप गिअर बदलणारी ही एकटीच. तिच्या गिअरबॉक्सच्या तेलाची वेगळी काठी होती आणि त्या काठीवर दोन खुणा. खालची गार तेलाची, वरची गरम तेलाची. तेल तापलं की फुगतं, पातळी चढते. म्हणून गार असताना खालच्या खुणेपर्यंतच भरायचं. वरची जागा फुगण्यासाठी सोडायची. एवढंच शास्त्र आहे. न समजण्यासारखं त्यात काही नाही.

मी ते पॅम्फ्लेटात वाचलं होतं. फौजेत प्रत्येक गोष्टीचं पॅम्फ्लेट असतं आणि मला ती पाठ असायची, म्हणून भोयेने माझं नावच पॅम्फ्लेट ठेवलं होतं.

"काय पॅम्फ्लेट, आज काय सांगतंय पुस्तक?"

"समतल जागा. इंजिन चालू. लिव्हर सगळ्या गिअरांतून फिरवून न्यूट्रलला आणायचा. मग काठी."

"आन् हात?"

"हाताचं काही लिहिलेलं नाही."

"मंग लिहिणाऱ्याला हात नसतील."

तो गाडीखाली सरकून गिअरबॉक्सला हाताची उलटी बाजू लावायचा. मग काठी काढून पुसायचा, परत घालून काढायचा, आणि लॉगबुकात नोंदीशेजारी 'गार' किंवा 'गरम' लिहायचा. त्यासाठी रकाना नव्हता. तो समासात लिहायचा. मला म्हणाला होता, "आई नागलीची आंबील चढवती तेव्हा भांडं काठोकाठ भरत नाय. गार असताना कमीच दिसतं. चूल पेटली का वर येतं. तेल तसंच आहा."

त्या मंगळवारी पार्कात साडेपाचला फॉल-इन, म्हणजे हजेरीची रांग होती. थंडी एवढी की पाना हातात धरवत नव्हता. सातला कॉन्व्हॉय निघणार, त्याआधी मेजर साहेबांची पाहणी. आमच्याकडे पाहणीची एक पद्धत होती. प्रत्येक गाडीपुढे पांढरं कापड अंथरायचं आणि त्यावर तेलाच्या काठ्या मांडायच्या. साहेब चालत जाणार, काठ्या पाहणार. सगळ्या काठ्या एकाच दिशेने, एका ओळीत, आणि सगळ्या वरच्या खुणेपर्यंत भिजलेल्या. काठी असते तेल कळावं म्हणून. आम्ही ती बूट-पट्ट्यासारखी चमकवून दाखवत होतो.

आमच्या कापडावर दोन काठ्या. इंजिनची पूर्ण भिजलेली. गिअरबॉक्सची खालच्या खुणेपर्यंत.

सुभेदार साहेब थांबले. "ये आधी सूखी क्यों है?"

"साब, तेल ठंडा है. नीचेवाला निशान बराबर है."

"बाकी तेरह गाड़ियां फुल दिखा रही हैं. तेरी गाड़ी दूसरी पलटन की है?"

मागे दोघं हसले.

"साब, गरम होगा तो ऊपर आएगा."

"मेजर साब दस मिनट में आएंगे. लाइन तोड़ेगा क्या?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ऑपरेटर, तू डाल."

मी भोयेकडे पाहिलं. त्याने मान हलवली. नको.

"डाल. ऑर्डर है."

सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. ते तेल मी ओतलं. डबा माझ्या हातात होता. पान आणि ओळीसकट पॅम्फ्लेट पाठ असलेल्या मी गार तेल वरच्या खुणेपर्यंत भरलं. कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा अहवाल म्हणतो, ड्रायव्हरने भरलं. खोटं आहे.

सहा पंचवीसला मेजर साहेब आले, ओळ पाहून "गुड" म्हणाले आणि पुढे गेले. भोयेने समासात लिहिलं, 'गार, वरपर्यंत, हुकुमावरून'. मग तेल काढायला तो पाना घेऊन खाली सरकला, तेवढ्यात शिटी झाली. गाड्यांत बसा.

"ओझरला काढू," तो म्हणाला. "तिथं थांबतील."

थांबले नाहीत. शहरातून बाहेर पडायलाच उशीर झाला होता. मी रेडिओवर बोललो. रेडिओवर आमची गाडी 'टेल', सगळ्यात पुढची 'लीडर'.

"टेल टू लीडर. पाच मिनिटं हॉल्ट हवा. ओव्हर."

"लीडर. कारण? ओव्हर."

"गिअरबॉक्समध्ये तेल जास्त आहे. ओव्हर."

"जास्त आहे? कमी नाही ना? निगेटिव्ह. आउट."

भोयेने एक्सिलरेटरवरचा पाय हलका केला. मोकळ्या हायवेवर तेवढ्याने भागत होतं.

नऊच्या सुमारास पिंपळगाव आलं. लिलावाची वेळ. हायवेच्या दोन्ही कडांना कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग, ट्रॉल्यांवर माणसं, मधून टेम्पो. कॉन्व्हॉय मुंगीच्या गतीने सरकू लागला. थांब, चल, थांब. आपोआप गिअरच्या जड गाडीचं तेल अशा वेळी सगळ्यात जास्त तापतं. मला धुराचा वास आला. थंडीच्या दिवसांत पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात. मला वाटलं, त्यातलाच धूर. भोयेने नाक वर केलं.

"लाकडाचा नाय. तेल जळतंय."

फुगलेलं तेल गिअरबॉक्सच्या हवेच्या नळीतून उडून लाल झालेल्या सायलेन्सरवर पडत होतं. आरशात जाळ दिसला. नऊ वाजून नऊ मिनिटं.

"टेल टू लीडर. गाडीला आग. ओव्हर."

"लीडर. जागेवर थांबा. गाडी सोडा. ओव्हर."

भोयेने डावीकडे पाहिलं. हाताच्या अंतरावर ट्रॉली, त्यावर तीन बाया आणि एक म्हातारा. उजवीकडेही तेच. मागे आमची दोन सिलिंडरं.

"इथं?" तो म्हणाला. "ही माणसं कुठं पळतील? उतर, पॅम्फ्लेट."

"तुम्ही?"

"रांग फोड. उतर!"

मी उडी मारली. फायर एक्स्टिंग्विशर घेऊन गाडीखाली मारला, संपेपर्यंत. हात तेव्हा भाजले. भोयेने हॉर्न दाबून धरला आणि खिडकीतून हात काढून ट्रॅक्टरांना मागे सरका म्हणून खुणा केल्या. मी ट्रॉल्यांवर हात आपटत धावलो. लाल ट्रॅक्टरवरचा एक फेटेवाला ओरडला, "ए, मागं घ्या रे, फौजीला वाट द्या!" दोन ट्रॅक्टर मागे गेले. त्या फटीतून भोयेने गाडी बरोबर काढली, एकाही ट्रॉलीला न घासता, आणि पलीकडच्या कांदा काढून मोकळ्या झालेल्या रानात नेली. दोनशे पावलं. मग सिलिंडर फुटलं. त्याच्या बाजूचं दार उघडलेलं होतं. म्हणजे तो उतरतच होता.

रांगेतल्या एकालाही खरचटलं नाही.

अहवालात दोन वाक्यं आहेत. ड्रायव्हरने तेल प्रमाणाबाहेर भरलं. ड्रायव्हरचा ताबा सुटून गाडी रस्त्याखाली गेली. लॉगबुक गाडीबरोबर जळलं, समासही जळला. हॉस्पिटलात माझा जबाब घेतला, पण अहवालाला जोडला नाही. युनिटच्या स्मृतिस्तंभावर निष्काळजी माणसाचं नाव कोरत नाहीत, म्हणून भोयेचं नाव तिथे नाही. त्याची बायको सुमनताई मला एवढंच म्हणाली, "पोरगी शाळेत जाती. बाप कसा गेला म्हणून विचारती. मी कागद वाचून दाखवू का?"

पहिलं वाक्य मी खोडतो. तेल मी ओतलं, हुकुमावरून, आणि तसं सही करून दिलं आहे. दुसरं मी एकटा खोडू शकत नाही. साहेब म्हणतात, तू तेव्हा भाजलेला होतास, तुला काय दिसलं असणार.

तुम्हाला दिसलं. तुम्ही त्या रांगेत होतात. ट्रॉलीवरच्या तीन बाया, तो म्हातारा, मागे सरकलेले दोन ट्रॅक्टर, लाल ट्रॅक्टरवरचा फेटेवाला. तो हॉर्न तुम्ही ऐकलात, तो हात पाहिलात. ताबा सुटलेला माणूस हाताने वाट मागत नाही. एक कागद घ्या. जे पाहिलं तेवढंच लिहा, खाली नाव आणि गाव लिहून सही करा, सही येत नसेल तर अंगठा द्या, आणि तो कागद सुमनताईंच्या हातात नेऊन द्या. सुरगाण्याच्या एसटी स्टँडवर 'भोये फौजी' म्हणून विचारलं की घर दाखवतात. तुम्ही त्या दिवशी घरी परत गेलात. आता उठा आणि त्याच्या घरी जा.