मीठ बघायचा चमचा

जाड माणसाला आळशी म्हणताना तुमची जीभ जराही का अडखळत नाही? वसतिगृहात दोनशे पोरींचा स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी वजन उतरवायला ऑपरेशन करायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या जाऊबाई म्हणाल्या, "पोट कापून बारीक होणार? तोंडाला कुलूप लावा की!"

"दहा वर्षं लावलं! गुडघे गेले, साखर चढली," बाई उसळल्या.

डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं. ऑपरेशननं जठर लहान केल्यावर वजन आणि साखर उतरू शकते. पण रक्तस्रावाचा, टाक्यांतून गळती होण्याचा धोका असतो, जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर, आणि खाण्यावरचा ताबा सुटला तर वजन परत चढतं. मीठ बघायला पातेल्यापातेल्यातून चाखलेलं आपण खाण्यात कधी धरलंच नाही, हे बाईंना डॉक्टरांसमोरच उमगलं होतं.

आता बाईंनी चव बघायचा चमचा जाऊबाईंच्या हातात कोंबला. "आजपासून मीठ तुम्ही बघायचं. मी सोमवारी भरती होतेय."

तुमच्या घरात कुणी असं ठरवलं, तर टोमणे गिळा आणि डॉक्टरांकडे त्यांच्यासोबत जा.