ओढायचा रंधा

आमचा जपानी उस्ताद रंधा ढकलत नसे, अंगाकडे ओढत असे. त्याची करवतही ओढतानाच कापायची. रियाधमधल्या आमच्या कफीलाला, म्हणजे ज्याच्या व्हिसावर आम्ही तिथे होतो त्या मालकाला, बागेत एकही खिळा न ठोकता बांधलेलं जपानी लाकडी घर हवं होतं, म्हणून हा म्हातारा तिकडून आणला होता. मदतीला त्याने मला निवडलं. कारण एवढंच, की आम्ही रत्नागिरीकडचे सुतार जमिनीवर बसून पायाने लाकूड दाबून धरतो आणि तोही तसाच बसे. आमच्या फोरमनला ते बसणं कधी बघवलं नाही. लाकडावर रेघ उठवायला सूत मारताना आम्ही तांबडी काव घेतो, तो शाई घेई. ओढणं सोडलं, तर फरक म्हणावा तेवढाच.

ढकलायची सवय हातातून जायला वेळ लागला. पण एकदा रंधा ओढता आला आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखी सलग साल निघाली, तेव्हा मी खरोखर सुखावलो.

नेमका तेव्हाच सौदीकरणाचा बडगा आला. ज्या कंपनीत स्थानिक माणसं कमी, तिथल्या परदेशी कामगारांचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, नव्याने होईनात. आमच्या वखारीतली माणसं एकेक करून घरी जाऊ लागली. मी मात्र निवांत होतो. छपराचे सांधे उस्तादानंतर फक्त मलाच जमतात, मग मला कोण काढतंय? स्वतःवर एवढा खूश मी आयुष्यात कधी नव्हतो.

माझा इकामा संपत आला तसा उस्ताद स्वतः मला घेऊन कफीलाकडे गेला. याच्याशिवाय छप्पर चढणार नाही, म्हणाला. कफील भला माणूस. त्याने आम्हा दोघांना कहवा दिला, उभे केलेले खांब हात फिरवून पाहिले, सुंदर आहेत म्हणाला. मग म्हणाला, "वरचं जिप्समचं करून घेऊ. तुमचं काम खलास."

आम्ही परत आलो. उस्ताद वखारीत बसला, रंध्याचं पातं सोडवलं, तेल लावून पुसलं. आमचं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत चाले. तो म्हणाला, "माझ्याकडे आता शिकायला कुणी येत नाही. तू घरी जाऊन तुझ्या मुलाला शिकव."

मी मान डोलावली. मुलगा गावात ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवतो, हे सांगण्याइतकं इंग्रजी मला येत होतं. पण सांगवलं नाही.