ढिला टाका

"हात पुढे कर," मी म्हणालो, तर गणपत कोळी हात पाठीमागे लपवून उभा! शेवटी त्याच्या बायकोनं, हिरूनं, त्याला माझ्या टेबलापर्यंत ढकलत आणलं.

"दाव ना रं! डाक्टर, अंगठा काला-निला पडलाय. सकालपासून नुसता कण्हतोय."

पन्नासच्या दशकातली गोष्ट. पनवेलच्या एका खासगी दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली मी नवा डॉक्टर होतो. होडीच्या पत्र्यानं कापलेल्या गणपतच्या उजव्या अंगठ्याला आदल्या दिवशी मीच टाके घातले होते आणि छान घातले होते. त्याला बजावलंही होतं की टाक्यांना हात लावू नकोस, भिजवू नकोस. ऐकतो कोण!

जखमेचे दोन काठ जेमतेम एकमेकांना टेकवायचे, याला आम्ही 'अप्रॉक्झिमेट करणं' म्हणतो. कचेरीतल्या अंदाजपत्रकावर हाच शब्द असतो. तिथे अप्रॉक्झिमेट खर्च म्हणजे साधारण एवढा, पुढे वाढला तर बोंबलू नका. आमच्याकडे अर्थ निराळा. काठ जवळ आणा, पण आवळू नका. आवळलं की रक्त अडतं आणि काठ मरतात.

मी बँडेज बघितलं आणि हबकलोच. वरून जाळं विणायचा सुती दोरा करकचून गुंडाळलेला, त्यावर गाठी, आणि सगळं ओलंचिंब.

"हे कोणी केलं?"

"मीच," गणपत म्हणाला. "तुमचा टाका ढिला व्हता. आमच्यात ढिली गाठ मारली तर बाप घरात घेत नाय."

"आणि भिजवलंस कशाला?"

"भिजवल्याबिगर सुताची गाठ बसंल कशी?"

त्याचंही खरंच होतं. सूत भिजलं की आखडतं. जाळ्याला ते उत्तम, पण इथे अंगठ्याला फास बसला होता.

माझी हाक ऐकून मोठे डॉक्टर धावत आले. अंगठा बघून ते गणपतवर असे कडाडले की बाहेरचे पेशंट चिडीचूप.

"अरे शहाण्या, हा अंगठा आहे, पापलेट नाही!" मग माझ्याकडे वळून, "गाठी सोडवत बसू नका. बारीक कात्री आत सरकवा, दोरा कापा."

दोरा मांसात रुतला होता. एकेक वेढा कापताना मला घाम फुटला. शेवटचा वेढा तुटला, तरी अंगठा निळा तो निळाच.

"कापावा लागंल का वो?" हिरूनं विचारलं. "उजवा हाय. जालं कसा वढंल?"

रक्त फिरतंय का बघायला डॉक्टरांनी नख दाबलं, सोडलं. काही नाही. अंगठा जरा चोळून पुन्हा दाबलं. मग नखाच्या बुडाशी किंचित गुलाबी रंग दिसला. हळूहळू तो वर सरकला.

"आला!" डॉक्टर ओरडले. हिरू आधी रडली, मग तिनं नवऱ्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. तो मात्र योग्य जागी बसला.

माझे टाके आत शाबूत होते. ते काढायला गणपत आला तेव्हा जखमेची नुसती रेघ उरली होती.

"ढिला व्हता, तरी धरला," तो नवलानं म्हणाला. "आता बघा जोर!" आणि त्याच अंगठ्यानं त्यानं माझा हात असा दाबला की मी कळवळलो.

तेव्हापासून टाके घातले की मी पेशंटला आधीच सांगतो, हे ढिले वाटतील, मुद्दाम ठेवलेत. आणि पेशंट कोळी असला, तर हात मिळवत नाही.