गाडीच्या मेंदूत पाणी

"क्लच सोडताना घाई करतेस तू," हे म्हणायचे. "पाय जड आहे तुझा," मामंजी म्हणायचे. मला बघायला आले होते तेव्हासुद्धा माझ्या पायांची इतकी चर्चा झाली नव्हती!

गाडी जर्मन होती. ह्यांची बँकेतली लंडनची नेमणूक संपली तेव्हा आम्ही ती बोटीने आणली आणि पाठोपाठ जयपूरला बदली झाली. गाडीला कार्बोरेटर नव्हताच. कधी किती पेट्रोल सोडायचं हे एक इलेक्ट्रॉनिक डबा ठरवायचा. ऐंशीच्या दशकात हे कुणाला सांगितलं तर मी थापा मारते आहे अशा नजरेने लोक बघायचे. हे बँकेच्या जीपने दौऱ्यावर असायचे, त्यामुळे गाडी माझ्या हातात आली आणि तिच्या जोरावर मी शहराबाहेर, आग्रा रोडवरच्या कानोता गावाच्या पुढे, एका शाळेत नोकरी धरली. बसने वेळेवर पोचणं शक्यच नव्हतं. गाडी होती म्हणून नोकरी होती.

एप्रिलमध्ये गाडीने दगा द्यायला सुरुवात केली. सकाळी निघताना शहाण्यासारखी चालायची आणि कानोता जवळ आलं की मधेच गप्प. अर्धा तास उन्हात उभं राहिलं की पुन्हा सुरू, काही झालंच नाही अशा थाटात. मुख्याध्यापिकाबाईंनी दोनदा ऐकून घेतलं. सुट्टी लागायच्या आधी त्यांनी मला खोलीत बोलावून सांगितलं, "जुलैमध्ये वेळेवर येणार असाल तर या. नाहीतर आत्ताच सांगा, मी दुसरी बाई बघते."

घरी आल्यावर हे म्हणाले, "सोडून दे ना. कशाला जिवाचे हाल?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. स्टेशनजवळच्या मिस्त्रीने प्लग बदलले, फिल्टर बदलला, बॉनेटखाली बराच वेळ कार्बोरेटर शोधला आणि शेवटी ह्यांना म्हणाला, "गाडी ठीक है साब, चलाने का फर्क है." मी तिथेच उभी होते! वर ह्यांनी मान डोलावली.

मग मी कुणालाच न विचारता मेजरसाहेबांना बोलावलं. ते मिलिटरी स्टेशनच्या वर्कशॉपमध्ये होते, नागपूरचे, मराठी मंडळींच्या गणपतीत ओळख झालेली. रविवारी आले ते एक छोटा बल्ब, दोन वायरी आणि गाडीबरोबर आलेलं माझं इंग्रजी मॅन्युअल घेऊन बसले. आधी मला गाडी चालवायला लावली, शेजारी बसून. कानोत्याच्या अलीकडे ती नेहमीप्रमाणे बंद पडली. मी त्यांच्याकडे बघितलं. "वहिनी, तुमचं काही चुकलं नाही," ते म्हणाले. खरं सांगते, मला रडू आलं. दोन महिन्यांत हे वाक्य कुणी म्हटलं नव्हतं.

त्यांनी बॉनेट उघडलं. ठिणगी येत होती. पेट्रोलही पोचत होतं. पण पेट्रोल आत फवारायची जी तोटी असते तिला हुकूमच येत नव्हता: तिच्या वायरीला बल्ब लावला आणि मी किल्ली फिरवली, तर बल्ब मेलेला. डबा डाव्या बाजूला, शेजारच्या सीटवर बसणाऱ्याच्या पायाशी, एका पत्र्यामागे होता. त्यांनी त्यावर थाप मारली आणि बल्ब लुकलुकला.

"डबाच गेलाय," ते म्हणाले. मग खाली वाकून गालिचा चाचपला आणि थबकले. "इथे ओल कशी? जयपुरात? मे महिन्यात?"

मला कळलं, आणि कळलं तेव्हा धड हसूही येईना. मामंजी साताऱ्याकडचे, सगळी हयात फौजेत. राजस्थानात असताना जीपला छागल बांधल्याशिवाय त्यांनी कधी वाळवंटात पाऊल टाकलं नव्हतं. छागल म्हणजे जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी. ती बाहेरून सतत पाझरते, म्हणून आतलं पाणी गार राहतं. आमच्या गाडीलाही ती पुढे बांधायची म्हणून ते हटून बसले होते, पण रंगाला चरे पडतील म्हणून ह्यांनी बांधू दिली नाही. मग मामंजींनी आत, डावीकडे, डॅशबोर्डखाली स्वतः एक हूक ठोकला होता. रोज पहाटे उठून ते छागल भरून तिथे टांगायचे. त्या रविवारी मेजरसाहेबांच्या पायात येऊ नये म्हणून मीच ती काढून मागे ठेवली होती. सुनेला उन्हात गार पाणी मिळावं म्हणून.

मेजरसाहेबांनी डबा घरी आणून उघडला. आतल्या पट्टीचा एक कोपरा हिरवा पडला होता, पिना गंजल्या होत्या. ब्रशने, स्पिरिटने पुसून बघितलं. दोन दिवस चालला आणि मग कायमचा बसला. मामंजी सगळं ऐकत दारात उभे होते. मला वाटलं होतं, कारण सापडलं की मी सगळ्यांना चांगली फैलावर घेईन. वाक्यं तयार होती माझी! पण म्हाताऱ्याचा चेहरा इतका उतरला की मी चहा टाकायला आत गेले. ह्यांच्यावरचा राग मात्र काढला. भरपूर काढला.

नवा डबा ह्यांच्या लंडनच्या मित्राने सुट्टीवर येणाऱ्या एका सहकाऱ्याबरोबर पाठवला. तोवर जून संपत आला होता. मेजरसाहेबांनी आधी बॅटरीची वायर काढली, वायरींचा जोड घासून कोरडा केला, डब्याचा नंबर जुन्याशी ताडून बघितला आणि डबा पूर्वीपेक्षा वीतभर वर बसवला. बसवायला पाव तास लागला असेल.

"चला, बघू या," म्हणत हे ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. सवयीने. किल्ली त्यांच्याच हातात होती, आणि मी आपली डाव्या दाराकडे वळले. तीही सवयच.

"उतर," मामंजी म्हणाले.

"अहो आबा, नुसती एक चक्कर..."

"उतर म्हणतो ना! तिला शाळेत जायचंय."

शाळा उघडायला अजून आठवडा होता. ते मामंजींनाही माहीत होतं. हे उतरले, किल्ली माझ्या हातात दिली आणि मागे जाऊन बसले. मी गाडी आग्रा रोडला घातली आणि भर उन्हात थेट शाळेच्या बंद फाटकापर्यंत नेली. कानोत्यापाशीसुद्धा ती थांबली नाही.