सासूबाईंनी आजार सोडले

आमच्या सासूबाईंना बरं नसायचं. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, नवीन पनवेलच्या आमच्या सेक्टरमध्ये ते सगळ्यांनाच माहीत होतं. सकाळी दूधवाल्याला छातीतली धडधड ऐकवायच्या, दुपारी शेजारणीला गुडघे, संध्याकाळी बागेतल्या बाकावर चक्कर आणि पोटातला गॅस. आजार त्यांना शोभायचे. कुणी 'कशा आहात?' असं विचारलं की त्या आधी पदर सावरून नीट बसायच्या आणि मगच सुरुवात करायच्या. सांगता सांगता चेहऱ्यावर असं तेज चढायचं की ऐकणारीला आपलंच काहीतरी दुखतंय असं वाटू लागायचं.

माझी आई अगदी उलट. पळस्प्याच्या पुढे, हमरस्ता सोडून आत गेलं की आमचं गाव. वडील लवकर गेले. आईनं भेंडी, वालाच्या शेंगा, जे पिकेल ते टोपलीत भरून पनवेलच्या बाजारात विकलं आणि आम्हा दोघी बहिणींना शिकवलं. मुलगा नाही म्हणून गावानं तिची कीव करून पाहिली, पण तिनं ती कधी घेतली नाही. मी बी.कॉम. झाले तेव्हा तिनं पेढे वाटले नाहीत, पण आठवडाभर बाजारात गिऱ्हाइकाला मूठभर भाजी जास्त घातली. तिला काही दुखतंय का असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "काय नाय गो."

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी तळोज्याच्या एका कारखान्यात अकाउंट्सला होते. नवरा पनवेलमध्येच एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होता, तिथं पगार वेळेवर झाला तरी खूप म्हणायचं. त्या वर्षी आमच्या कंपनीनं मेडिक्लेम आणला. नवरा-बायको, मुलं, शिवाय आई-वडील. जुने आजारसुद्धा धरणार होते. पुरुषांना प्रश्नच नव्हता. आम्हा लग्न झालेल्या तिघीचौघींसाठी मात्र नियमात एक ओळ जादा होती: आई-वडील किंवा सासू-सासरे, दोन्ही नाही. एकदा नाव दिलं की बदल नाही.

पर्सोनेलच्या साहेबांनी कुणाचं नाव घालायचं हे मला विचारलंसुद्धा नाही. "तुमच्या सासूबाईंचं वय किती?" म्हणाले आणि पेन उघडून बसले. मी म्हटलं, घरी विचारून सांगते. खरं तर मला घरी काहीच विचारायचं नव्हतं. त्या पेनाचाच राग आला होता मला.

कारण आई आजारी होती, आणि हे मला उन्हाळ्यात कळलं होतं. गावी गेले असताना पाण्याचा हंडा उचलता उचलता ती मध्येच खाली बसली. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, तिची गर्भाची पिशवी खाली सरकली होती. किती वर्षं झाली कोण जाणे. कापडाचा लंगोट करकचून बांधायची आणि वर टोपली घेऊन बाजाराला यायची. मी तिला ओढतच पनवेलच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, ऑपरेशनला पर्याय नाही आणि फार लांबवू नका. आई म्हणाली, भात कापून होऊ दे. बाहेर आल्यावर तिनं मला खरं कारण सांगितलं, "जावयाच्या पैशानं मी नाय कापून घेनार." बहिणीच्या घरी तर हातातोंडाची गाठ कशीबशी पडत होती. आता माझ्या नोकरीतून, माझ्या हक्कानं काही मिळत होतं, तर ते मी तिला द्यायचं नाही?

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला योजना सांगितली.

"आईचं नाव घाल. यात विचार काय करायचा?" तो म्हणाला.

"आया दोन आहेत. विचार करावाच लागेल."

"माझी आई आपल्या घरात राहते. तिच्या छातीचं तुला माहीत आहे. उद्या काही झालं आणि लोकांना कळलं की सुनेनं तिचंच नाव वगळलं, तर मी तोंड कुठं दाखवू?"

"माझ्या आईला व्हायचं ते झालेलंच आहे. मी कुठं दाखवू?"

तसा माझा नवरा भला माणूस आहे. रात्रभर धुमसला, सकाळी स्वतःच म्हणाला, "तुझ्या आईसाठी आपण बाहेरून विमा काढू. हप्ता मी भरतो." आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये एक विमा एजंट राहायचे, त्यांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, एकट्यादुकट्याच्या पॉलिसीत आधीपासूनचा आजार धरत नाहीत, तेवढा सोडून बाकी सगळं मिळेल. म्हणजे आईला नको होतं ते सगळं मिळणार आणि हवं होतं तेवढंच नाही. मी तडक घरी आले आणि पोळ्या इतक्या जोरात लाटल्या की पोळपाट नाचायला लागला. पुढं काही दिवस आमच्यात फक्त मीठ दे, किल्ली घे एवढंच बोलणं होतं.

उत्तर मला ऑफिसात सुचलं. व्हाउचर जुळवता जुळवता वाटलं, आपण हे उलटं का मांडत नाही? कंपनीला जुना आजार चालतो, मग जी आजारी आहे तिनं कंपनीत यावं. बाहेरच्या पॉलिसीला धडधाकट माणूस लागतो, तर जी धडधाकट आहे तिनं बाहेर जावं. इतकं साधं होतं ते. फक्त आमच्या घरात ते मोठ्यानं बोलायची सोय नव्हती.

तरी खात्री करून घ्यावी म्हणून मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. ते हसले. "तुमच्या सासूबाईंना वय सोडून काहीही झालेलं नाही," म्हणाले. "मी त्यांना इतकी वर्षं ताकदीच्या गोळ्या देतोय."

नवऱ्याला सांगितलं तर तो भडकला. "आई धडधाकट? रोज ती छाती धरून बसते ते तुला दिसत नाही?" आमची जागा दोन खोल्यांची. आतल्या खोलीत भाजी निवडणाऱ्या सासूबाई गवारीची परात घेऊनच बाहेर आल्या.

"धडधाकट कुणाला म्हणतेस गं?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी त्यांना सगळं सांगितलं. योजनेची ती एक ओळ, एजंटचं म्हणणं, आईची पिशवी, लंगोट, डोक्यावरची टोपली. बोलताना माझा आवाज चढला होता आणि डोळ्यांना धारही लागली होती. सासूबाई उभ्याच होत्या.

"म्हणजे संक्रांतीला इथं आल्या होत्या तेव्हाही होतं त्यांना हे?"

"तेव्हाही असणारच."

"मी गुडघे दुखतात म्हटलं, तर खाली बसून तेल चोळून दिलं त्यांनी मला," सासूबाई म्हणाल्या. "दोन्ही पायांना."

नवरा काहीतरी बोलणार होता, त्यांनी परात त्याच्या हातात दिली आणि माझ्याकडे वळल्या. "बोलाव तुझ्या त्या एजंटला."

एजंट आले त्या दिवशी सासूबाई लग्नकार्याला नेसायची साडी नेसून बसल्या होत्या. चहा ठेवायला जाता जाता मी बजावलं, "आई, जे असेल ते खरं सांगा हं. खोटं सांगून काढलेला विमा कामाला येत नाही." त्या म्हणाल्या, "खरंच सांगणार आहे." एजंट एकेक प्रश्न विचारू लागले. छातीचा काही त्रास? नाही. चक्कर? नाही. पोटाचं काही? नाही. माझा नवरा कपाळाला हात लावून ऐकत होता. गुडघ्यांपाशी त्या जरा अडखळल्या. "जिना चढताना बोलतात," म्हणाल्या, "वयाचे आहेत. लिहून घ्या." आयुष्यभर जमवलेला आजारांचा तो संसार त्या एकेक करून माझ्यादेखत बाहेर काढत होत्या, आणि मी आत चहा उतू घालवला.

वय जास्त म्हणून विमा कंपनीच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यायची होती. मीच त्यांना घेऊन गेले. रक्त, लघवी, छातीचा कार्डिओग्राम, सगळं स्वच्छ निघालं. डॉक्टर म्हणाले, "आजी, हृदय तर एकदम ठणठणीत आहे." बरी बातमी ऐकून इतका पडलेला चेहरा त्या डॉक्टरांनी क्वचितच पाहिला असेल. रिक्षात बसल्यावर त्यांनी विचारलं,

"मग इतकी वर्षं मला काय होत होतं गं?"

"आम्ही दोघं दिवसभर बाहेर," मी म्हटलं. "घर खायला उठत असेल."

"असेल," त्या म्हणाल्या. मी त्यांचा हात धरला. लग्नानंतर पहिल्यांदाच, असं म्हटलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी पर्सोनेलच्या साहेबांना आईचं नाव दिलं. "का, सासूबाई नाहीत का?" त्यांनी विचारलं. "आहेत, चांगल्या ठणठणीत आहेत," मी म्हटलं. त्यांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं. संध्याकाळी बागेतल्या बाकावर कुणीतरी सासूबाईंना धडधडीबद्दल विचारलं. मान ताठ करून त्या म्हणाल्या, "विमेवाल्यांनी सगळं तपासलं. काही नाही मला." त्यांचं ते वाक्य ऐकून मला त्यांचा अभिमान वाटला. त्या बाकावर तेवढं बोलणं त्यांना किती जड गेलं असेल ते मलाच ठाऊक.

आईला आणायला नवरा स्वतः स्कूटर घेऊन गेला. मी सोबत येऊ का म्हटलं तर नको म्हणाला. आईनं त्याच्यासमोरही तेच सांगितलं, जावयाचा पैसा नाय. तो म्हणाला, "माझा एक पैसा नाही यात. तुमच्या मुलीच्या कंपनीचं आहे सगळं." हे त्यानं परत आल्यावर मला सांगितलं, आणि सांगताना थोडा हसला. त्या एका वाक्यासाठी मी त्याचा सगळा अबोला माफ केला.

ऑपरेशन पनवेललाच झालं. नीट झालं. दुसऱ्या दिवशी आई शुद्धीवर होती आणि चादर बदलायला आलेल्या आयाबाईला सांगत होती, "माज्या पोरीच्या कंपनीचा हाय सगला. पोर हिशोब लिवते तिथं." मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. पदवी मिळाली त्या दिवशीही मला इतकं मोठं झाल्यासारखं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात सासूबाई पेजेचा डबा घेऊन आल्या. जिने चढून आल्या होत्या, पण गुडघ्यांचं नाव काढलं नाही. आईच्या उशाशी बसून त्यांनी विचारलं, "कसं वाटतंय, विहीणबाई? दुखतंय का?"

"काय नाय हो," आई म्हणाली. तिच्या ओठांवर मात्र घाम जमला होता.

सासूबाईंनी डबा खाली ठेवला. आईचा घाम स्वतःच्या पदरानं टिपला. "हे बघा," त्या म्हणाल्या, "माझं बोलणं आता संपलं. माझ्या वाट्याचंही तुम्हीच बोला. दुखत असेल तर दुखतंय म्हणायचं."

आईनं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. डोळे मिटले.

"दुकतंय," ती म्हणाली. "लय दुकतंय, विहीनबाय."

"हां," सासूबाई म्हणाल्या आणि पदर सावरून नीट बसल्या. "आता सांगा. कुठं कुठं?"